चांगलं ध्वनिमुद्रण कसं ओळखावं, कुठून आणावं, कसं ऐकावं : गावाकडच्या हाय-फाय श्रोत्यांचे नेहमीचे प्रश्न

विदर्भातल्या खेड्यापाड्यांत हौसेनं ॲम्प्लिफायर-स्पीकर जोडणाऱ्यांसाठी हे पान आहे. कोणतं यंत्र घ्यावं याची चर्चा इथं नाही. घेतलेल्या यंत्रावर काय वाजवावं, आणि वाजलेलं बरोबर आहे की नाही हे कसं ठरवावं, एवढंच आहे.

नवे स्पीकर घेतले. तपासायला कोणतं गाणं लावू?

ज्या वाद्याचा खरा आवाज तुमच्या कानाला पाठ आहे, ते वाद्य असलेलं. परदेशी याद्यांत पियानो आणि डबल बास असतो. डबल बास कधी समोर बसून ऐकलाच नसेल, तर तो स्पीकरमधून बरोबर येतोय की फुगून येतोय हे ठरवणार कशावरून?

पण खंजिरी, टाळ, पेटी, ढोलकी आणि डफडं गावातल्या प्रत्येकानं हातभर अंतरावरून ऐकलेलं असतं. इथं शहरातल्या श्रोत्यापेक्षा आपण पुढं आहोत, कारण त्याच्या कानावर पडणारं बहुतेक संगीत माइकमधूनच आलेलं असतं. अट एकच : भोंगा लावलेला सप्ताह किंवा डीजेची वरात मोजमाप म्हणून चालत नाही. देवळातलं बिनमाइकचं भजन चालतं.

चांगलं ध्वनिमुद्रण म्हणजे नेमकं काय? गायक तर चांगलाच असतो.

गायकी आणि मुद्रण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुद्रणात चार गोष्टी पाहा. हळू आणि जोराच्या आवाजातलं अंतर शाबूत आहे का. वाद्य थांबल्यावर त्याची आस शेवटपर्यंत ऐकू येते का, की मधेच कापली जाते. जोराच्या जागी आवाज फाटतो का. आणि वाद्यांभोवती जागा जाणवते का, म्हणजे तबला गायकाच्या उजवीकडे दोन पावलं मागं आहे असं डोळे मिटून सांगता येतं का. हे चौथं सगळ्यात दुर्मीळ. बहुतेक चित्रपटगीतांत वाद्यं वेगवेगळ्या वेळी मुद्रित होतात आणि जागा नंतर कृत्रिम घुमाऱ्यानं तयार केली जाते. त्यात वाईट काही नाही, पण खोलीचा अंदाज घ्यायला ते मुद्रण उपयोगी पडत नाही.

कोणत्या वाद्यावरून यंत्राचं काय कळतं?

डग्ग्यापासून सुरू करा. त्याचा मूळ स्वर साधारण ७० ते १२० हर्ट्झच्या (सेकंदाला इतकी कंपनं) पट्ट्यात असतो आणि मनगट दाबलं की तो वर चढतो. ही चढण स्पष्ट कळली पाहिजे. प्रत्येक थापेला एकच 'धुम' येत असेल तर तो डग्गा नव्हे, तुमच्या स्पीकरच्या पेटीचं छिद्र किंवा खोली बोलतेय. पाच इंची स्पीकर ५५-६० हर्ट्झच्या खाली बहुधा हात टेकतात, पण डग्ग्याला तेवढं पुरतं. डग्गाच ऐकू येत नसेल तर आधी स्पीकरच्या तारा तपासा.

तबल्याच्या चाटेवरचा (कडेच्या पट्टीवरचा) 'ना' कडक आणि कोरडा हवा. तो थोडा जरी पसरट वाटला तरी वरचा पट्टा मंद आहे.

तानपुरा सगळ्यात कडक परीक्षक. त्याच्या जवारीतून (तारा टेकतात त्या घोडीतून) निघणारे वरचे स्वर सतत हलत असतात, म्हणून फाइल एमपी३सारखी आकार कमी करायला दाबलेली असेल तर ते पहिले मरतात आणि त्यांच्या जागी पाण्यासारखा सळसळाट येतो. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकमध्ये असेल तर तो साधारण १३८ हर्ट्झ आणि खर्ज ६९ हर्ट्झ. चारही तारा वेगळ्या मोजता आल्या पाहिजेत. खर्जाची तार नुसती 'हं' अशी वाटत असेल तर खालचा मध्य सुजलेला आहे.

टाळ आणि खंजिरीच्या चकत्या १० हजार हर्ट्झच्या वरही भरपूर ऊर्जा टाकतात. हलक्या एमपी३मध्ये टाळेची आस 'छिस्स' होऊन तुटते. पेटी मध्यपट्टा दाखवते : दोन-तीन पट्ट्या एकत्र दाबल्यावर खरखर आली, तर ॲम्प किंवा स्पीकर विकृती घालतोय. भाता हलल्याचा आवाज ऐकू आला तर मात्र खुश व्हा. बासरीत फुंकरीचा वारा आणि सूर वेगळे कळावेत, संतुरात काडी पडल्याचा ठोका आधी आणि नाद मागून यावा.

गळ्यासाठी 'स' आणि 'श' ऐका. ही अक्षरं साधारण ५ ते ८ हजार हर्ट्झमध्ये राहतात. अमरावतीच्या सुरेश भटांची 'सुन्या सुन्या मैफलीत माझ्या' ही 'उंबरठा' (१९८२) मधली रचना सुरूच 'स' नं होते. तो 'स' कानात टोचला तर आधी स्पीकर थोडे बाहेरच्या बाजूला वळवून बघा. बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं.

नुसती तत्त्वं नकोत, नावं सांगा.

पहिलं नाव 'अ मीटिंग बाय द रिव्हर' (१९९३). विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा (गिटारवरून घडवलेलं तंतुवाद्य) आणि राय कूडर यांची गिटार, सोबत तबला आणि डुंबेक (अरबी हातढोल). वॉटर लिली अकूस्टिक्सच्या कवी अलेक्झांडर यांनी कॅलिफोर्नियातल्या एका चर्चमध्ये, एकाच जागी ठेवलेल्या माइकच्या जोडीनं ॲनालॉग टेपवर हे घेतलं. मागून जोडकाम नाही. म्हणून इथली जागा खरी आहे : दोन तंतुवाद्यांमधलं अंतर, मागची भिंत, सगळं. या ध्वनिमुद्रणाला ग्रॅमीही मिळालं. दोन्ही वाद्यं एकाच जागेवरून आल्यासारखी वाटली, तर तुमचे स्पीकर फार जवळजवळ आहेत किंवा कुठंतरी मोनो (दोन्ही स्पीकरना एकच आवाज) लागलेलं आहे. याच संस्थेनं अली अकबर खाँसाहेबांचं सरोदवादनही मुद्रित केलंय, 'इंडियन आर्किटेक्स्चर' या नावानं.

दुसरं, झाकिर हुसेन यांचं 'मेकिंग म्युझिक' (१९८७). हरिप्रसाद चौरसिया, जॉन मॅक्लॉक्लिन, यान गार्बारेक सोबत. ईसीएम या जर्मन कंपनीसाठी ऑस्लोच्या रेनबो स्टुडिओत यान एरिक कोंग्सहाउग यांनी मुद्रित केलेलं. शांतता फार आहे यात. कुलर बंद करून ऐकण्याजोगं, आणि तबल्यासाठी तर हेच.

तिसरं, 'कॉल ऑफ द व्हॅली' (१९६७) : शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा. टेपची सूक्ष्म सरसर आहे आणि ती असायलाच हवी. सरसर अजिबात ऐकू आली नाही तर ती आवृत्ती कोणीतरी 'साफ' केलेली आहे, आणि सरसरीबरोबर संतुराची आसही गेलेली आहे.

गझल ऐकणाऱ्यांनी जगजित-चित्रा सिंग यांचं 'बियाँड टाइम' (१९८७) लावावं. भारतातल्या अगदी सुरुवातीच्या डिजिटल मुद्रणांपैकी ते आहे. मोठ्या वाद्यमेळासाठी 'सैराट' (२०१६). त्यातला वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मुद्रित झालाय. पण तपासायला 'झिंगाट' घेऊ नका, ते नाचायला आहे. व्हायोलिनचा ताफा चढत जाणारी संथ गाणी घ्या आणि गळा वाद्यांत बुडतो का ते पाहा. ए. आर. रहमान यांची १९९०च्या दशकातली, एच. श्रीधर यांनी मुद्रित केलेली गाणी खालच्या पट्ट्यासाठी चांगली, 'दिल से' (१९९८) त्यांत वरचं.

परदेशी ऐकायचंच असेल तर ईगल्सच्या 'हेल फ्रीझेस ओव्हर' (१९९४) मधलं 'हॉटेल कॅलिफोर्निया'. सुरुवातीचा ढोल जगभरच्या दुकानांत वाजून वाजून गुळगुळीत झालाय, तरी कामाचा आहे. डायर स्ट्रेट्सचं 'ब्रदर्स इन आर्म्स' (१९८५) आणि सुझॅन वेगाचं 'टॉम्स डायनर' हेही घ्या. या दुसऱ्यात नुसता एकटा गळा आहे आणि एमपी३ घडवणाऱ्या अभियंत्यांनी तेच गाणं कसोटी म्हणून वापरलं होतं. टेलार्क कंपनीच्या '१८१२ ओव्हर्चर' मध्ये खऱ्या तोफा आहेत आणि वेष्टनावर स्पीकरला धोका असल्याची सूचना छापलेली आहे. ती गंमत म्हणून छापलेली नाही.

आमच्याकडं सगळी जुनी मराठी गाणी आहेत. ती कामाची नाहीत का?

आहेत, आणि एका कामाला तर नव्यापेक्षा सरस. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून गेलेलं 'गीतरामायण' किंवा त्या काळातली कोणतीही मोनो तबकडी दोन्ही स्पीकरमधून सारखीच येते. मग गळा दोघांच्या बरोबर मधोमध, मुठीएवढ्या जागेत उभा राहायला हवा. तो डावीकडं सरकला, हातभर पसरला किंवा एखाद्या स्वराला जागा बदलू लागला, तर दोन स्पीकर सारखे नाहीत किंवा एकाच्या बाजूला भिंत आणि दुसऱ्याच्या बाजूला उघडं दार आहे.

मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' जी. एन. जोशींनी १९३०च्या दशकात तबकडीवर गायली. भावगीताची सुरुवात म्हणून ती ऐकावीच. पण ७८ गतीच्या लाखेच्या तबकडीत वरचा-खालचा पट्टा फारसा नसतो. त्यावर यंत्राचा न्याय करू नका. मूर्तिजापूरला जन्मलेल्या वसंतराव देशपांड्यांच्या जुन्या मैफलींचंही तसंच. तान झपाट्यानं जाते तेव्हा स्वर एकमेकांत मिसळतात का, एवढं त्यातून नक्की कळतं.

'झंकार बीट्स', 'रिमास्टर', 'डिजिटल इको' असं लिहिलेलं घ्यावं का?

पहिलं आणि तिसरं नाही, त्यांत मूळ गाण्यावर वरून ठेका किंवा घुमारा चढवलेला असतो.

रिमास्टरचं, म्हणजे जुन्या मुद्रणावरून नव्यानं तयार केलेल्या आवृत्तीचं, सांगणं अवघड. काही मूळ टेपवरून नीट केलेले असतात, काही फक्त मोठे केलेले. ओळखायचं असं : ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल उघडा. चांगल्या मुद्रणाची आकृती उभ्या पिकासारखी कमीजास्त उंचीची दिसते. हळू-जोराचं अंतर दाबून मोठी केलेली आकृती वखर फिरवलेल्या वावरासारखी सपाट, वरच्या-खालच्या कडेला टेकलेली. कोणताही स्पीकर तिच्यात जीव ओतू शकत नाही, कारण शेंडे आवृत्ती तयार करतानाच छाटले गेले. मेटॅलिकाचं 'डेथ मॅग्नेटिक' (२००८) याचं जगप्रसिद्ध उदाहरण. तेच संगीत व्हिडिओ गेमच्या आवृत्तीत कमी दाबलेलं निघालं आणि श्रोत्यांना फरक कळला.

फूबार २००० या गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये डायनॅमिक रेंज (हळू-जोराच्या आवाजातलं अंतर) मोजणारी जोड मिळते. १२च्या वर आकडा म्हणजे छान, ६ किंवा खाली म्हणजे दाबलेलं. एलपीवरून उतरवलेल्या फाइलींचा आकडा मात्र फसवा असतो, तो मूळ मुद्रण तेच असूनही जास्त येतो.

मित्रानं पेन ड्राइव्हमध्ये 'फ्लॅक' दिलं. खरं कसं समजायचं?

फ्लॅक म्हणजे आवाजातलं काहीही न गमावता साठवणारी फाइल. एमपी३ काही भाग टाकून देते. एमपी३ला फ्लॅकचं पाकीट घालणं दोन मिनिटांचं काम आहे, म्हणून हा प्रश्न बरोबरच आहे. स्पेक नावाचा मोफत प्रोग्रॅम संगणकावर टाका आणि फाइल त्यावर ओढून सोडा. रंगीत पट दिसेल. उभा अक्ष म्हणजे किलोहर्ट्झ. सीडीवरून आलेल्या फाइलीत रंग २० च्या वर, २२ पर्यंत विरत जातो. १२८ केबीपीएसच्या एमपी३त बहुधा १६ला, ३२०मध्ये २०च्या आसपास बांध घातल्यासारखी सरळ रेघ दिसते.

एक सावधानता. जुन्या टेपवर मुळातच १२-१५ किलोहर्ट्झच्या वर काही नसतं. पण तिथं रंग हळूहळू उतरतो, सुरीनं कापल्यासारखा थांबत नाही. कापलेली रेघ आणि विरलेला रंग यांतला फरक पाहायचा. एफएमवरून घेतलेलं १५ला कापलेलं असतं.

बाजारात मिळणाऱ्या 'एकाच डिस्कमध्ये १५० गाणी' असल्या डिस्कबद्दल हा प्रश्नच उरत नाही. सीडीत साधारण ७४ ते ८० मिनिटं मावतात. १५० गाणी आहेत म्हणजे ती एमपी३ आहेत.

नेट धड नाही. गाणी आणायची कुठून?

सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा मार्ग अजूनही सीडी. जुन्या सीडी नागपूर-अमरावतीच्या रद्दीवाल्यांकडं आणि दुकान बंद करणाऱ्यांकडं मिळतात. उजेडाकडं धरून पाहा : छापील बाजूनं टाचणीएवढी भोकं दिसली तर घेऊ नका. खालच्या बाजूचे बारीक ओरखडे चालतात. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीनं फ्लॅकमध्ये उतरवा. तो प्रत्येक तुकडा पुन्हा वाचून चूक सांगतो.

उतरवून घ्यायचं तर बँडकॅम्पवर कलाकाराकडून फ्लॅक विकत मिळतं. नॉर्वेच्या '२एल' कंपनीनं तपासणीसाठी उत्तम दर्जाच्या फाइली मोफत ठेवल्या आहेत. संगीत युरोपीय आहे, पण खोली तपासायला भाषा लागत नाही. हरिप्रसाद (बासरी) आणि रामनारायण (सारंगी) यांची निंबस या ब्रिटिश कंपनीची मुद्रणंही शोधा.

डेटाचा हिशेब : सीडी दर्जाचं फ्लॅक मिनिटाला सुमारे ५ ते ६ एमबी, म्हणजे तासाला ३०० ते ३६० एमबी. रोजच्या दीड जीबीत तीन-चार अल्बम बसतात. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची (सीडीच्या १६ बिटपेक्षा बारीक मोजलेली, 'हाय-रेस') फाइल तासाला जीबीच्या वर जाते आणि तेवढ्या पैशात कानाला मिळणारं फार थोडं असतं. चांगलं मुद्रण १६ बिटमध्ये घ्या. वाईट मुद्रण २४ बिटमध्ये घेऊन ते सुधारत नाही. डाउनलोड पहाटे लावा, तेव्हा टॉवरवर गर्दी नसते.

ॲपवर ऐकतो. तिथं दर्जा कसा मिळेल?

सेटिंगमधला 'ऑटो' बंद करा. नेट मंदावलं की ॲप गुपचूप हलकी फाइल देतं आणि तुम्ही स्पीकर बदलायला निघता. डाउनलोडचा दर्जा वेगळा ठरवावा लागतो, तो सर्वात वरचा ठेवा. आवाज समान करणारी सोय, इक्वलायझर, फोनमधलं डॉल्बी हे सगळं तपासणीपुरतं बंद. ॲपल म्युझिकवर लॉसलेस (फ्लॅकसारखं, काही न गमावलेलं) २०२१ पासून जादा पैशांशिवाय आहे. यूट्यूबवर 'हाय-रेस' असं कितीही लिहिलं तरी आवाज एमपी३सारखा दाबूनच येतो.

ब्लूटूथवर तपासलं तर चालेल?

नाही. तारेनं जोडा. फोनला यूएसबी डॅक (डिजिटल फाइलचं आवाजाच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारं छोटं यंत्र) लावला तर उत्तमच.

माह्या खोलीत बास लय घुमते, काय करू?

खोली किती बाय किती, ते आधी मोजा. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंच स्लॅबची खोली घ्या. १२ फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्झला आणि १० फुटांत ५६ हर्ट्झला आवाज साचतो. इथं रुंदी आणि उंची सारखी, म्हणून ५६ला दुप्पट त्रास. डग्ग्याची मोठी थाप आणि डीजेचा ढोल नेमका त्याच्या शेजारी येतो.

उपाय जागेत आहे. स्पीकर कोपऱ्यातून काढा, मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढं आणा. तुमची खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली असेल तर तीही दोन फूट पुढं घ्या. भिंतीलगत घुमारा सर्वांत जास्त असतो. खोलीच्या बरोबर मधोमधही बसू नका, तिथं उलट बास गायब होतो. मग स्पीकरच्या पेटीच्या छिद्रात स्पंज किंवा पायमोजा खोचून बघा. ओसरीकडचं दार उघडल्यावर फरक पडतो का, तेही बघा. बऱ्याचदा पडतो. जुन्या मातीच्या भिंतींच्या, कवेलूच्या घरात हा त्रास कमी असतो, कारण खालचे स्वर छपरातून निसटतात. स्लॅबच्या नव्या घरांनी हे दुखणं आणलंय.

गादी लावायचा सल्ला सर्रास मिळतो. कापूस आपल्याकडं आहे, पिंजारी चार इंची गादी भरून देतो, आणि ती भिंतीपासून चार इंच पुढं उभी केली तर मधल्या-वरच्या पट्ट्यातला खणखणाट खरंच कमी होतो. पण ५० हर्ट्झच्या लाटेचा चतुर्थांशच पावणेदोन मीटर भरतो. चार इंच कापूस तिला जुमानत नाही. सरकीचा कापूस तर आणूच नका, उंदीर येतात. आणि गादी ॲम्पच्या मागं टेकवू नका.

एखाद्याच स्वराला काहीतरी झणझणतं. स्पीकर गेला का?

बहुतेक वेळा मांडणीवरची भांडी, लोखंडी कपाटाचं दार, टिनपत्रा किंवा खिडकीची काच असते. ३० ते २०० हर्ट्झचा हळू चढणारा स्वर कमी आवाजात लावा, खोलीत फिरा, हात ठेवत जा. सापडलं की कापडाची घडी. स्पीकर कपाटावर ठेवले असतील तर आधी ते खाली आणा : ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीवर, दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून सहा ते आठ फुटांचा समभुज त्रिकोण.

बास मुळीच येत नाही आणि गळा कुठंच जागेवर बसत नाही.

एका स्पीकरची लाल-काळी तार उलट जोडलेली आहे. मोनो गाणं लावून एका बाजूची तार फिरवा. ज्या जोडणीत गळा मधोमध येतो ती बरोबर. जोडताना ॲम्प बंद ठेवा.

संध्याकाळी आवाज फाटतो, पहाटे चांगला येतो. मनाचा खेळ आहे का?

खेळ नाही. मोटारपंप सुरू झाले की लाइन १८० व्होल्टपर्यंत उतरते. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्पमध्ये शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणं घटते : २३०चे १८० झाले की ६१ टक्के उरते, म्हणजे ५० वॉटचा ॲम्प ३० वॉटचा. बोलण्याइतक्या आवाजात फरक कळणार नाही. मोठी थाप आली की मात्र छत लवकर लागतं आणि आवाज फाटतो. फाटलेला आवाज ट्वीटर जाळतो, म्हणून अशा वेळी आवाज वाढवायचा नाही. स्टॅबिलायझर ॲम्पच्या गरजेच्या दुपटीचा घ्या. रिलेचा असेल तर तो बदलताना 'टक' करेल, सर्व्होचा करत नाही. एसएमपीएस (साध्या ट्रान्सफॉर्मरऐवजी स्विचिंग वीजपुरवठा) असलेल्या नव्या ॲम्पना याचा त्रास बराच कमी.

मे महिन्यात आणखी एक गोष्ट. कुलर चालू असताना खोलीतला गोंगाट सहज ५५ डेसिबलच्या वर जातो, आणि तानपुऱ्याची आस त्यात बुडते. तपासणी पहाटे पाचला, कुलर बंद करून. कुलरचा झोत ॲम्पवर येऊ देऊ नका, दमट हवेनं जोड गंजतात.

गाणं नसतानाही 'घूं' येतो.

इन्व्हर्टरवर असाल तर आधी ते बघा. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहर देतात आणि ट्रान्सफॉर्मर भुणभुणतो. साइन वेव्हचा असेल तर हे होत नाही.

लाइनवर असताना येत असेल तर सगळ्या तारा काढून फक्त ॲम्प ठेवा. घूं गेला? मग एकेक जोडत जा. लॅपटॉपचा चार्जर किंवा डिशची केबल जोडताच परत आला, तर तो अर्थिंगचा फेरा आहे. सगळी यंत्रं एकाच बोर्डवर घ्या, लॅपटॉप बॅटरीवर चालवा. ॲम्प एकटा असतानाही येत असेल आणि स्वर एक सप्तक वरचा, म्हणजे ५० ऐवजी १०० हर्ट्झचा वाटत असेल, तर आतले कपॅसिटर थकलेत.

अर्थची पिन तोडून घूं घालवण्याचा उपाय गावोगाव चालतो. करू नका, जीव जातो. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळून अर्थच्या नळीपासून सुटते. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात फेब्रुवारीपासून पाणी घालत राहा, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या वर जात असेल तर वायरमनला बोलवा.

दोन ॲम्प एकमेकांशी कसे ताडायचे?

आवाजाची पातळी अगदी सारखी करून. एक डेसिबलनं मोठा असलेला ॲम्प 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. दुकानात होणारी बहुतेक फसगत इथंच आहे. ४०० हर्ट्झचा स्वर लावा, स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरनं एसी व्होल्ट मोजा, दोन्ही ॲम्पला आकडा एकसारखा येऊ द्या. एक टक्का फरक म्हणजे ०.१ डेसिबलहून कमी, तेवढा चालतो. मग एकच तीस सेकंदांचा तुकडा, कोणता ॲम्प चालू आहे हे दुसऱ्यानं ठरवून, दहा वेळा ऐका.

आपलंच भजन मुद्रित करून त्यावर तपासलं तर?

याहून चांगली कसोटी नाही, कारण मूळ आवाज तुम्ही स्वतः ऐकलेला असतो. एक्स-वाय माइकचा (दोन माइक एकमेकांना तिरपे लावलेला) हातातला रेकॉर्डर घ्या. फोनवर घेणार असाल तर आवाज आपोआप वर-खाली करणारी आणि गोंगाट काढणारी सोय बंद करता येईल असं ॲप हवं, नाहीतर खंजिरीची थाप पडली की पेटी खाली जाते.

मंडळापासून सहा ते आठ फूट, बसलेल्या गायकाच्या डोक्याच्या थोडं वर. पंखा बंद. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह. सगळ्यात जोराचं पद आधी म्हणायला सांगा आणि रेकॉर्डरच्या मीटरवर शेंडा उणे १२ डेसिबलला लावा. मंडळ रंगात आलं की ते सहा डेसिबल वर जातंच. तुकडोजी महाराजांच्या परंपरेतलं खंजिरी भजन असेल तर आणखी दोन फूट मागं सरका. कोण कुठं बसलं होतं ते कागदावर काढून ठेवा. घरी वाजवताना कागद घडी करून ठेवायचा, ऐकून जागा सांगायच्या, मग कागद उघडायचा. झाडीपट्टीच्या नाटकात किंवा दंडारीत घ्यायचं तर मंडळींना विचारून घ्या, आणि भोंग्याच्या समोर उभे राहू नका.

घरात कॅसेटचं पोतं आहे. उतरवून घेण्यासारखं आहे का?

बाजारात सीडीवर मिळणाऱ्या गोष्टी असतील तर नाही. आकाशवाणीवरून किंवा गावातल्या कार्यक्रमात घेतलेलं असेल तर आजच सुरू करा. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नका, बुरशी हेडवरून पुढच्या कॅसेटला लागते. हेड आणि रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, दर चार-पाच कॅसेटनंतर. कॅसेट एकदा पूर्ण पुढं, एकदा मागं फिरवून मगच वाजवा. आवाज कोंडलेला असेल तर हेडशेजारचा स्प्रिंगवाला छोटा स्क्रू अगदी थोडा, पाव फेऱ्याच्याही आत फिरवून टाळेचा आवाज सर्वांत तेज येईल तिथं थांबवा. कॅसेट डॉल्बी (सरसर कमी करणारी सोय) लावून घेतलेली नसेल तर डॉल्बी बंद ठेवूनच उतरवा.

वेग चुकलेला वाटला तर फितीत अडकलेला लाइनचा घूं शोधा. तो ५० हर्ट्झला असायला हवा. ऑडॅसिटीत ५२ दिसला तर तेवढ्या प्रमाणात वेग कमी करा, आणि पेटी शेजारी ठेवून काळी एक जुळते का ते ऐका.